औषधाच्या बाटलीवरचा देव

अरबस्तानात ख्रिस्ती दवाखाने कुणी काढले, याचा माग काढत गेलं की तो कोल्हापुरात येऊन पोचतो. जगातली कुठलीही गोष्ट शेवटी कोल्हापुरातच येऊन पोचते, अशी आमच्या भागात समजूत आहेच. फरक एवढाच की या वेळी पुरावा आहे.

१८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचा अमेरिकन पाद्री कोल्हापुरात आला. धर्म सांगायला आला आणि शाळा काढत बसला. झालं, दोन्हीकडून बोंब सुरू. गावाला वाटायचं की शाळा हे नुसतं आमिष, आत बायबल लपवलंय. तिकडे बोस्टनला त्याला पैसे पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाला वाटायचं की हा माणूस बायबल विसरून पोरांना भूगोल शिकवत बसलाय. रूफस अँडरसन हे त्या बोर्डाचे कर्तेधर्ते. त्यांचं धोरण स्पष्ट होतं : मिशनरी पाठवलाय तो प्रवचनाला, मास्तरकी करायला नाही. भांडण इतकं वाढलं की वाइल्डरचं आणि बोर्डाचं फाटलं. पठ्ठ्या मग स्वतःच्या हिमतीवर परत कोल्हापूरला आला आणि दहाएक वर्षं एकट्याच्या जोरावर मिशन चालवत राहिला. १८७० साली प्रेस्बिटेरियन पंथाच्या बोर्डानं त्याचं मिशन आपल्या पंखाखाली घेतलं. कोल्हापुरातलं वाइल्डर मेमोरियल चर्च त्याच्याच नावाचं. त्याच्यासमोरून आमच्या गारगोटीची निम्मी जनता गाडी हाकत गेली असेल, पण पाटी वाचायला आपल्याला सवड कुठली.

धर्माच्या नावानं मदत करणाऱ्याची ही जुनी फजिती आहे. घेणारा म्हणतो देव फार झाला, देणारा म्हणतो देव कमी पडला. मधला माणूस दोघांनाही खोटा वाटतो. आज काबूलला जा, खार्टुमला जा, नाहीतर पालघरच्या पाड्यावर जा, याहून वेगळं भांडण सापडणार नाही.

आता अरबस्तान. वाइल्डरचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरात जन्मला. मोठा झाल्यावर अमेरिकेत त्यानं कॉलेजच्या पोरांना परदेशी मिशनवर पाठवण्याची चळवळ उभी केली. १८८६ साली माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर पोरांनी शपथा घेतल्या आणि मग हा गडी कॉलेजं पालथी घालायला निघाला. सोबत सामान काय, तर हिंदुस्थानचा एक नकाशा आणि पुढ्यात ठेवायला मेट्रोनोम, म्हणजे पेटी-पियानोवाले ताल धरायला वापरतात ते टकटक करणारं यंत्र. एकेक टक म्हणजे येशूचं नाव न ऐकताच मेलेला हिंदुस्थानातला एकेक जीव. पोरांच्या काळजाचं पाणी पाणी. आपले आजे-पणजे इकडे निवांत ज्वारी काढत होते, आणि सात समुद्रापलीकडे कुणीतरी त्यांच्या मरणाचे ठोके मोजून वर्गणी आणि स्वयंसेवक गोळा करत होतं, हे त्यांना कुणी कळवलं नाही.

ते ठोके ऐकणाऱ्यांत मिशिगनच्या होप कॉलेजचा सॅम्युएल झ्वेमर नावाचा एक विद्यार्थी होता. नकाशा हिंदुस्थानचा होता, झ्वेमर मात्र निघाला अरबस्तानाला. १८८९ साली त्यानं आणि जेम्स कँटाइननं मिळून ‘अरेबियन मिशन’ काढलं. बहरीनमध्ये १९०३ साली दवाखाना उभा राहिला. पुढे कुवेतचा शेख मुबारक यानं स्वतःहून या मिशनच्या डॉक्टरांना बोलावलं, आणि १९१२ साली तिथे एलिनॉर कॅल्व्हर्ली ही डॉक्टरीण बायकांना तपासायला हजर झाली. पडद्यातल्या बाईची नाडी बघायला बाईमाणूसच लागतं. त्यामुळे शेखाला तिचा धर्म चालला.

एवढा खटाटोप करून ख्रिस्ती किती झाले? हाताची बोटं पुष्कळ झाली. झ्वेमरला लोक ‘इस्लामकडे धाडलेला प्रेषित’ म्हणायचे, पण प्रेषिताच्या खात्यावर जमा बाजू जवळजवळ कोरी. बहरीनमध्ये त्यानं स्वतःच्या दोन लहान मुली पुरल्या आणि तरी काम सोडलं नाही. माणसं मात्र बरी होत राहिली. पोटदुखी गेली, मोतीबिंदू निघाले, बाळंतिणी वाचल्या. १९२० साली जाहराच्या लढाईतले जखमी याच कुवेतच्या दवाखान्यात आणून टाकले होते. मुसलमानाची मुसलमानाशी लढाई आणि टाके घालणारे अमेरिकन पाद्री. पुढे कुवेतला तेल लागलं. सरकारनं अशी काही इस्पितळं बांधली की मिशनच्या दवाखान्यात येणार कोण? १९६७ साली तो बंद झाला. मोर्चा नाही, कायदा नाही, दगडफेक नाही. नुसती गरज संपली. त्या इमारतीत आता ‘अमेरिकानी’ नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे आणि ते चालवते इस्लामी कलावस्तू जपणारी संस्था.

मिशनऱ्याला हुसकावण्याचे जगात अनेक प्रकार झाले. त्यांतला हा मला सगळ्यात आवडलेला. खर्चिक आहे, एवढाच दोष.

दुसरा प्रकार इजिप्तचा. तिथे झ्वेमर महाशयांनी १९२८ साली थेट अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात जाऊन धर्माची पत्रकं वाटली. म्हणजे आळंदीला समाधीसमोर उभं राहून ‘तुमचे माउली चुकले’ असं छापलेला कागद वाटण्यासारखं. गदारोळ झाला, संसदेपर्यंत गेला, स्वारीला काही दिवस देश सोडून बसावं लागलं. मला विचाराल तर बरं झालं. ज्याच्या घरात जायचं त्याच्या देव्हाऱ्यालाच हात घालायचा, याला धैर्य म्हणत नाहीत. पण खरा भडका उडाला १९३३ साली पोर्ट सैदला. स्वीडिश मिशनच्या अनाथाश्रमात तुर्किया हसन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुसलमान मुलीला मार बसला. धर्म बदलायला तयार नाही म्हणून मारलं, हा आरोप. देशभर वणवा. आणि गंमत बघा, आपला कोल्हापूरचा रॉबर्ट वाइल्डर १९२७ पासून त्या सालापर्यंत कैरोतच होता, त्या सगळ्या प्रदेशातल्या मिशनांच्या मंडळाचा चिटणीस म्हणून.

त्या पोरीच्या पाठीवरच्या वळांनी इजिप्तमध्ये दोन गोष्टी घडवल्या. सरकार खडबडून जागं झालं आणि त्यानं अनाथाश्रमांसाठी पैसा काढला. आणि हसन अल-बन्ना यांची मुस्लिम ब्रदरहुड ही तेव्हा पाचेक वर्षांची लहानशी संघटना, तिला वाढायला आयतं रान मिळालं. मिशनऱ्यांपासून मुलं वाचवायची म्हणून इस्लामी संघटनांनी आपले आश्रम, आपल्या शाळा, आपले दवाखाने काढले. शिकले कुणाकडून? मिशनऱ्यांकडूनच. मदतीचा डबा तसाच, आतला प्रसाद बदलला. ज्याला शिव्या द्यायच्या त्याचीच वही उतरवून घ्यायची, ही परंपरा केवळ आपल्याकडे आहे असं समजून उगाच लाजू नये.

तिसरा प्रकार तालिबानचा. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांनी ‘शेल्टर नाऊ’ या संस्थेची आठ परदेशी माणसं आणि सोळा अफगाण कर्मचारी धर्मप्रचाराच्या आरोपाखाली उचलले. यांच्या जागी गरिबांना दुसरं कोण मदत करणार, हा प्रश्न तालिबानच्या टिपणीत नसावा. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर असतं, आणि ते खांद्याला लटकवलेलं असतं.

चौथा किस्सा इंडोनेशियातल्या आचेचा. २००४ च्या डिसेंबरात त्सुनामी आली, लाखाच्या वर माणसं गेली. महिनाभर होत नाही तोच अमेरिकेतल्या ‘वर्ल्डहेल्प’ या संस्थेनं आपल्या वर्गणीदारांना कळवलं की तिथली तीनशे मुसलमान अनाथ मुलं आम्ही ख्रिस्ती आश्रमात वाढवणार. बातमी फुटल्यावर बेत गुंडाळावा लागला. इथे मी कुठलीही तिरकस कोटी करणार नाही. आईबाप समुद्रानं नेलेल्या सहा वर्षांच्या पोराला ‘तुझा देव कोणता’ हे विचारायची वेळ ती नव्हे, आणि परस्पर ठरवून टाकायची तर नव्हेच.

माझी कसोटी साधी आहे. ‘तुमचा देव नको’ असं म्हटल्यावरही गोळी मिळते का? मिळत असेल तर गोळी देणाऱ्याच्या गळ्यात क्रूस असो, माळ असो की ताईत असो, माझी हरकत नाही. मिळत नसेल तर तो दवाखाना नव्हे, दुकान. आजारी माणूस, उपाशी माणूस आणि लहान पोर, या तिघांना ‘नाही’ म्हणायची सोय नसते. त्यांच्याकडून घेतलेला होकार कुठल्याच देवाच्या दरबारात धरू नये.

पण ही कसोटी आपल्या कट्ट्यावर लावून बघा. आमच्याकडे सेवा सोसायटीचे एक माजी संचालक आहेत. (माजी असले तरी लेटरहेड अजून चालू आहे.) फेब्रुवारी २०२४ मध्ये अबुधाबीला स्वामिनारायण मंदिर उघडलं, त्याचा व्हिडिओ त्यांनी मला पाठवला. मुसलमान शेखानं जागा दिली, याचं त्यांना कोण कौतुक! “बघा की, मन किती मोठ्ठं!” मी म्हटलं, दुबईत चर्चलाही १९६०च्या दशकात तिथल्या शेखानं जागा दिली होती. “देईनात का, त्यांचं राज्य हाय.” मग मी म्हटलं, आपल्या तालुक्यात कुणी चर्चला जागा मागितली तर? संचालकांनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, “त्ये येगळं.”

हे ‘त्ये येगळं’ म्हणजे आपलं खरं परराष्ट्र धोरण. आखातात मंदिर झालं की तो सहिष्णुतेचा विजय. सौदीत चर्च बांधू देत नाहीत, तर बघा कसे कट्टर. आणि इकडे गल्लीत चार माणसं पेटी वाजवून येशूची गाणी म्हणायला लागली की लगेच पोलीस ठाण्यात निवेदन. अबुधाबीचा नियम मात्र सरळ आहे : तुमची प्रार्थना तुम्ही करा, मुसलमानाला बाटवायला जाऊ नका. नियम पूर्ण न्यायाचा आहे असं मी म्हणत नाही, कारण दुसऱ्या बाजूनं दार उघडं ठेवलेलं आहे. पण निदान तो मंदिराला, चर्चला आणि गुरुद्वाराला सारखाच लागू आहे. आपल्या कट्ट्याच्या नियमाला एवढीही शिस्त नाही.

शिवाय हेच संचालक. त्यांच्या मातोश्रींचं पोटाचं ऑपरेशन मिरजेच्या मिशनमध्ये झालेलं. विल्यम वॉन्लेस या कॅनडातल्या डॉक्टरानं १८९४ साली उघडलेलं हे इस्पितळ, आणि तो आलेला त्या प्रेस्बिटेरियन मिशनमधून, ज्यानं वाइल्डरचं कोल्हापूर पंखाखाली घेतलं होतं. मिरज म्हणजे मीरासाहेबांच्या दर्ग्याचं गाव, अब्दुल करीम खाँसाहेबांचं गाव. तिथे पाद्र्याच्या दवाखान्यात मुसलमान, लिंगायत, जैन, मराठा आणि महार अशा साऱ्यांनी शेजारशेजारच्या खाटांवर कण्हत रात्री काढल्या. मिरज आज वैद्यकीय पंढरी म्हणून मिरवते त्याचा पाया तो. वॉन्लेसला धर्म सांगायचा नव्हता असं नाही. चांगलाच सांगायचा होता. पण ऑपरेशनच्या टेबलावर आधी पोट उघडायचा, बायबल नंतर. मी संचालकांना विचारलं, तुमच्या आई ख्रिस्ती झाल्या का? “छ्या! एकादशी कवा चुकली न्हाई तिची.” मग पाद्र्यांनी काहीच केलं नाही? “आवाज बारीक करून गाणी म्हणायची ती माणसं सकाळी सकाळी. आई म्हणायची, झोप बरी लागती.”

आणि या सांगली-मिरज पट्ट्यातच, जून २०२५ मध्ये एका आमदारांनी धर्मगुरूंना झोडपणाऱ्यांसाठी भर सभेत लाखांची बक्षिसं जाहीर केली. कुस्तीच्या मुलखात बक्षीस लावायची सवय असतेच, पण गदा ठेवायची ती पैलवानासमोर, पाद्र्याच्या पाठीवर नव्हे. बक्षीस घ्यायला धावताना एखाद्याचा पाय मुरगळला, तर तो कुठल्या गावाला न्यायचा, हे जिल्ह्यात सगळ्यांना पाठ आहे.

सरकारची तऱ्हा अधिक सभ्य आहे. सरकार मारत नाही, अर्ज बाजूला ठेवतं. २०२१ च्या ऐन नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या संस्थेचं परदेशी देणग्यांच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं आणि बोभाटा झाल्यावर जानेवारीत परत दिलं. जानेवारी २०२४ मध्ये ‘वर्ल्ड व्हिजन इंडिया’चा परवाना गेला. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून येणारी प्रत्येक देणगी आधी दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेत उतरते. देव सर्वव्यापी असला तरी त्याचं खातं एकाच शाखेत. हिशेब मागायला माझी ना नाही. धर्माच्या नावानं आलेल्या पैशाचा हिशेब मागायलाच हवा, फक्त देवस्थानांच्या दानपेट्या आणि मशिदींचे ट्रस्ट त्याच रांगेत उभे करा, म्हणजे झालं.

मध्यंतरी नागपूरची आठवण निघाली. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती तेव्हा न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या समितीनं मिशनऱ्यांची चौकशी केली आणि १९५६ साली अहवाल दिला. धर्मांतराचं थेट साधन म्हणून वैद्यकीय सेवा वापरायला कायद्यानं बंदी घालावी, अशी त्यात शिफारस आहे. वाचायला रास्त वाटते, माझ्या कसोटीला लागूनच आहे. पण मेळघाटातल्या किंवा जशपूरच्या जंगलातल्या माणसाला दुसरा दवाखाना कुठला, हे वाक्य पुढे असायला हवं होतं. ते वाक्य शिफारशीत नाही, बाळासाहेब देशपांड्यांच्या कृतीत आहे. अमरावतीचा हा वकील सरकारी नोकरीनिमित्त जशपूरला गेला आणि १९५२ साली मिशनऱ्यांना तोड म्हणून त्यानं वनवासी कल्याण आश्रम काढला. त्यांच्या विचारांशी माझं पटो न पटो, त्यांनी निवेदन देऊन हात झटकले नाहीत. तिथेही वही मिशनऱ्यांचीच उतरवलेली, हे वेगळं सांगायला नको. आणि ‘आमचा देव नको’ म्हणणाऱ्याला तिथे काय मिळतं, हा प्रश्न त्यांनाही विचारायचा.

हा सगळा पसारा बघितला की शाहू महाराजांची करामत कळते. कोल्हापुरात मिशनऱ्यांच्या शाळा जोरात असताना या राजानं काय केलं? १९०१ साली मराठा बोर्डिंग, त्याच साली जैन बोर्डिंग, १९०६ साली मुसलमानांसाठी शिक्षणसंस्था, १९०८ साली अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल. बरं, ख्रिस्त्यांना वगळलं? १९१५ साली त्यांचंही वसतिगृह झालं. कुराणाच्या मराठी भाषांतराला पैसे दिले. १९१९ साली राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवलं, म्हणजे बाटवण्याला विरोध करणाऱ्यांच्या हाती. आणि मिरजेच्या वॉन्लेसशी स्नेह. एकाच माणसाच्या दप्तरात हे सगळं. त्यांना धर्मांतराची काळजी नव्हती असं नाही. पण ज्या पोराला राहायला खोली, जेवायला भाकरी आणि शिकायला पाटी आहे, त्याला कुठला पाद्री काय आमिष दाखवणार? हा हिशेब कोल्हापूरच्या छत्रपतींना कुवेतच्या तेलाआधी तीस-चाळीस वर्षं सुचला होता, आणि तोही तेलाशिवाय.

गारगोटीला तरी हे नव्यानं सांगायची गरज नसावी. जे. पी. नाईक आजऱ्याकडच्या बहिरेवाडीचे. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले, त्या माणसानं भुदरगडच्या या गावात ग्रामीण शिक्षणाचा एवढा पसारा उभा केला आणि त्याला नाव दिलं पाटगावच्या मौनी महाराजांचं. साधूचं नाव, मठाची परंपरा. तिथून शिक्षक झालेल्या मुसलमान पोराला किंवा ख्रिस्ती मुलीला ‘तू आता मौनी महाराजांची झालीस’ असं कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. कणेरी मठाच्या इस्पितळात आपल्याकडचे पेशंट जातात, तिथेही कुणी केसपेपरवर देव लिहीत नाही. आणि २०१९ च्या महापुरात प्रयाग चिखलीत छपरावर बसलेल्या माणसानं भाताच्या पाकिटावर कुठल्या संस्थेचा शिक्का आहे हे वाचून मगच पाकीट फोडलं असेल, असं मला वाटत नाही. नाव धर्माचं आणि काम माणसाचं, याची आपल्याला चांगली सवय आहे. फक्त ते नाव परकं निघालं की आपल्याला एकदम कायदा आठवतो.

कायदा आठवलाच आहे तर एक सूचना. महाराष्ट्र सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये सक्तीच्या धर्मांतराचा विचार करायला पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. अशा समित्यांना जनतेकडून सूचना हव्या असतात म्हणतात. माझी सूचना एका कलमाची : धर्माच्या नावानं चालणाऱ्या कुठल्याही दवाखान्याविरुद्ध, शाळेविरुद्ध किंवा आश्रमाविरुद्ध जो तक्रार करील, त्यानं त्या ठिकाणापासून पाच किलोमीटरच्या आत, एक वर्षाच्या मुदतीत, तेवढ्याच खाटांचा किंवा तेवढ्याच पोरांचा दुसरा दवाखाना, शाळा किंवा आश्रम काढून चालवावा; आणि त्यात कुणालाही देव विचारू नये. तक्रार खरी निघाली तर जुन्याला टाळं, खोटी निघाली तर दोन्ही चालू राहतील. जनतेचं नुकसान कुठेच नाही.

कलम मी संचालकांना वाचून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “कल्पना चांगली हाय. पन त्याला अनुदान किती टक्के बसवलंय?”